पुण्यातून तपासलेली हिरवी रेषा

लहान दुर्बिणीतून ग्रहासारखी चकती दिसते, म्हणून काही तेजोमेघांना ‘ग्रहीय’ हे नाव पडले; ग्रहांशी त्यांचा संबंध नाही. १८६४ मध्ये हगिन्स यांनी अशा एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा अखंड पट्टा नव्हता. मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. अर्थात तो वायू होता. पण त्यातली ठळक हिरवी रेषा कोणत्या मूलद्रव्याची?

लॉकियर म्हणत, मॅग्नेशियमची. तसे असते तर ती एका बाजूस पसरट दिसायला हवी होती. मृग नक्षत्रातील तेजोमेघातही हीच रेषा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधील कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती तपासली. वेधशाळा उभारताना त्यांनी लॉकियर यांचाच सल्ला घेतला होता. तरीही १८९१ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले : रेषा अरुंद आणि रेखीव आहे.

उलगडा १९२७ मध्ये बोवेन यांनी केला. ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. ग्रहीय तेजोमेघात हे इलेक्ट्रॉन मधल्या अतितप्त ताऱ्याचे अतिनील किरण हिसकावतात.

आज पनवेलसारख्या दिव्यांनी उजळलेल्या गावातूनही, फक्त ही रेषा सोडणारी गाळणी लावून, असे तेजोमेघ कॅमेऱ्यात टिपता येतात. वर्णपट शिकवताना आपण पुण्याच्या या वेधाची आठवण विद्यार्थ्यांना जरूर देऊ.