कोबे

जपानच्या होन्शू बेटावरील एक प्रमुख बंदर व ह्योगो प्रांताचे प्रशासकीय केंद्र. लोकसंख्या सुमारे १५,२५,००० (२०२०). क्षेत्रफळ सुमारे ५५७ चौ. किमी. ओसाकाच्या पश्चिमेस सुमारे ३० किमी.वर, ओसाका उपसागराच्या उत्तर किनाऱ्यावर ते वसले आहे. उत्तरेस रोक्को डोंगररांग (सर्वोच्च उंची ९३१ मी.) व दक्षिणेस समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत शहराचा जुना व मुख्य भाग पूर्व-पश्चिम पसरला आहे. डोंगर तिकडे उत्तर आणि समुद्र तिकडे दक्षिण हे येथे इतके रुळले आहे, की मोठ्या दुकानांतील पाट्यांवरही ‘डोंगराची बाजू’ व ‘समुद्राची बाजू’ असे लिहिलेले असते. नवख्या माणसाला वाट सापडण्यास याची चांगली मदत होते. मध्यवर्ती सान्नोमिया स्थानकापासून डोंगरउतारावरील कितानो वस्ती आणि बंदराचा धक्का ही दोन्ही टोके पायी गाठता येतात. त्यामुळे मुख्य शहरास एक दिवस पुरतो. दुसरा दिवस हाताशी असल्यास आरिमाचे उष्णोदक स्थान किंवा नादाची मद्यग्रामे जोडता येतात.

इतिहास : सध्याच्या शहराच्या पश्चिम भागात ओवादा हे प्राचीन बंदर होते. बाराव्या शतकात तायरा नो कियोमोरी या सरदाराने ते सुधारून चीनमधील सुंग राज्याशी व्यापार वाढविला व ११८० मध्ये जवळच्या फुकुहारा येथे राजधानीच हलविली. ती जेमतेम सहा महिने टिकली. १३३६ मध्ये येथेच झालेल्या मिनातोगावाच्या लढाईत सम्राट गो-दाइगोचा सेनानी कुसुनोकी मासाशिगे पडला. त्याच्या नावाचे मिनातोगावा देवस्थान १८७२ मधील आहे. सान्नोमियालगतचे इकुता देवस्थान यांहून फार जुने असून परंपरेने त्याची स्थापना तिसऱ्या शतकात मानतात. या काळातील प्रत्यक्ष अवशेष मात्र फारसे दिसत नाहीत.

पाहण्याजोगे शहर घडले ते एकोणिसाव्या शतकात. परकीय राष्ट्रांशी झालेल्या १८५८ च्या तहान्वये ह्योगो बंदर परकीय व्यापारास खुले करण्याचे ठरले होते. परंतु ते सम्राटाचे वास्तव्य असलेल्या क्योतोच्या जवळ असल्याने त्याच्या दरबाराने विरोध केला आणि प्रत्यक्षात १ जानेवारी १८६८ रोजी बंदर उघडले. परकीयांसाठी जुन्या ह्योगो गावात जागा न देता पूर्वेकडील कोबे खेड्याजवळची मोकळी जमीन नेमून देण्यात आली. जॉन विल्यम हार्ट या ब्रिटिश अभियंत्याने तिची आखणी केली : सरळ रस्ते, १२६ भूखंड, किनाऱ्यालगत फिरण्याची जागा आणि जमिनीखाली विटांची गटारे. १८९९ मध्ये ही वसाहत जपानकडे परत आली. पुढे तेथे बँका व जहाज कंपन्यांच्या दगडी इमारती उठल्या. मूळ वसाहतीतील उरलेली एकमेव इमारत म्हणजे १५ क्रमांकाच्या भूखंडावरील, सुमारे १८८० मधील लाकडी घर. तेथे एके काळी अमेरिकी वकिलात होती. १९९५ च्या भूकंपात ते पूर्ण कोसळले आणि तेच लाकूड वापरून पुन्हा उभारण्यात आले. वसाहतीचा इतिहास पाहावयाचा असल्यास नगर संग्रहालय हे योग्य ठिकाण होय. ते १९३५ मधील एका बँकेच्या इमारतीत आहे. वसाहतीशेजारी त्याच काळात वाढलेली नानकिनमाची ही चिनी वस्ती आहे. आज ती मुख्यतः खाद्यपदार्थांची पेठ झाली आहे.

मुंबईशी संबंध : कोबे हे जपानच्या कापूस आयातीचे मोठे बंदर होते आणि त्यातील बराच कापूस मुंबईहून येई. ही वाहतूक ब्रिटिश व इतर युरोपीय कंपन्यांच्या संघाच्या हाती होती. तिच्या चढ्या दरांना कंटाळून जमशेटजी टाटा व जपानी गिरणीमालक यांनी निप्पॉन यूसेन काइशा या कंपनीशी करार केला व नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबे–मुंबई ही जपानची पहिली दूर पल्ल्याची जहाजफेरी सुरू झाली. जुन्या कंपन्यांनी दर पाडून ती मोडण्याचा प्रयत्न केला, पण फेरी टिकली. त्याच वर्षी मुंबईहून शिकागोच्या धर्मपरिषदेस निघालेले स्वामी विवेकानंद कोबे येथे बोटीवरून उतरले आणि देश पाहता यावा म्हणून खुष्कीच्या मार्गाने योकोहामास गेले. १९१६ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला आले तेही याच बंदरात. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर योकोहामातील पुष्कळ भारतीय व्यापारी येथे आले. सिंधी, गुजराती व पंजाबी कुटुंबांची वस्ती त्यामुळे वाढली. रेशीम व कापडानंतर मोत्यांचा व्यापार त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती आला.

कितानो : वसाहतीत जागा अपुरी पडू लागल्यावर परकीय व्यापारी डोंगरउतारावरील कितानो येथे घरे बांधून राहू लागले. ही घरे ‘इजिनकान’ म्हणून ओळखली जातात. गॉटफ्रीड थॉमस या जर्मन व्यापाऱ्याचे विटांचे घर (१९०९) मनोऱ्यावरील वातकुक्कुटामुळे प्रसिद्ध असून अमेरिकी कॉन्सल जनरल हंटर शार्प यांचे फिकट हिरवे लाकडी घर (१९०३) त्याच्या शेजारीच आहे. ही दोन्ही राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता आहेत. वस्ती पर्यटनस्थळ झाली ती १९७७ मधील ‘काझामिदोरी’ या दूरचित्रवाणी मालिकेनंतर. इतर बऱ्याच घरांना वेगवेगळी व चढी प्रवेशफी असून आतील सजावट एकसारखीच वाटते. वर सांगितलेली दोन पाहून बाकीची बाहेरून पाहिली तरी चालण्यासारखे आहे. उलट, याच उतारावरील प्रार्थनास्थळांकडे पर्यटकांचे लक्ष कमी जाते. कोबे मशीद (१९३५) ही जपानमधील पहिली मशीद. भारतीय व तातार मुसलमानांच्या पुढाकाराने बांधलेली ही वास्तू १९४५ चे हवाई हल्ले व १९९५ चा भूकंप या दोन्हींतून वाचली. थोड्या अंतरावर संगमरवरी जैन मंदिर (१९८५) आहे. दोन्हीकडे उपासना चालू असल्याने भेटीची वेळ आधी पाहावी.

१९९५ चा भूकंप : १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात एकूण ६,४३४ लोक मृत्युमुखी पडले, त्यांपैकी साडेचार हजारांहून अधिक कोबेतील होते. जुन्या लाकडी घरांचा नागाता भाग आगीत जळाला, उन्नत द्रुतगती मार्गाचा सु. ६०० मी. लांबीचा भाग आडवा पडला. बंदर तोवर कंटेनर वाहतुकीत जगात सहावे होते. धक्के निकामी झाल्याने ही वाहतूक पुसानसारख्या बंदरांकडे वळली व ते स्थान परत मिळाले नाही.

या आपत्तीच्या खुणा शहराने जाणीवपूर्वक राखल्या आहेत. मेरिकेन उद्यानात धक्क्याचा सु. ६० मी. भाग मोडल्या स्थितीतच ठेवला आहे : काँक्रीटच्या लाद्या तुकडे होऊन पाण्यात कललेल्या, दिव्यांचे खांब वेगवेगळ्या कोनांत तिरपे, आणि भेगांतून आत-बाहेर करणारे समुद्राचे पाणी. तेथे तिकीट नाही. महानगरपालिकेजवळील हिगाशी यूएन्ची उद्यानात प्रतिवर्षी १७ जानेवारीस पहाटे दिवे लावून स्मरण केले जाते. शहराच्या पूर्वेकडील आपत्ती निवारण संग्रहालय (२००२, सोमवारी बंद) पाहण्यास किमान दोन तास लागतात. वेळ थोडा असल्यास इजिनकान वगळून हे पाहणे अधिक श्रेयस्कर. दीपोत्सव ‘लुमिनारिए’ १९९५ पासून डिसेंबरात होत असे. २०२४ पासून तो जानेवारीत होतो.

बंदर व डोंगर : १०८ मी. उंचीचा, डमरूसारखा मध्ये निमुळता होणारा तांबडा मनोरा (१९६३) दुरुस्तीनंतर एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा उघडला. समोरचे पोर्ट आयलंड हे कृत्रिम बेट डोंगर कापून आणलेल्या मातीचे आहे. त्यावर १९८१ पासून चालकरहित गाडी धावते व ती पुढे विमानतळापर्यंत (२००६) जाते. शिन-कोबे या शिन्कान्सेन स्थानकामागून पायी सु. १५ मिनिटांवर नुनोबिकी धबधबे आहेत. सर्वांत मोठा ४३ मी. उंच. माया डोंगरावरील रात्रीचे दृश्य हाकोदाते व नागासाकी यांच्या बरोबरीचे मानतात. तेथील केबल गाडी व रज्जुमार्ग काही दिवशी लवकर बंद होतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच चढावे. रोक्कोच्या उत्तरेस आरिमा हे पुरातन उष्णोदक स्थान आहे. तेथील लोहयुक्त खारट पाणी हवेशी संयोग होऊन तपकिरी-तांबूस होते. तेथील सार्वजनिक स्नानगृहात सामुदायिक, विवस्त्र स्नान करावे लागते, याची कल्पना असावी.

नादा : तांदळाच्या मद्यासाठी प्रसिद्ध किनारपट्टी. येथील पाच जुन्या मद्यग्रामांपैकी तीन कोबेत व दोन शेजारच्या निशिनोमियात मोडतात. निशिनोमियाचे खनिजयुक्त ‘मियामिझु’ पाणी, ह्योगोतील यामादा-निशिकी तांदूळ आणि रोक्कोवरून हिवाळ्यात येणारा कोरडा गार वारा यांवर हा धंदा उभा राहिला. हाकुत्सुरु व किकु-मासामुने यांची संग्रहालये हान्शिन रेल्वेच्या स्थानकांपासून चालत जाण्याजोगी आहेत.

उद्योग : पोलाद, जहाजबांधणी, कृत्रिम चामड्याचे जोडे, मद्य व मिठाई. कोबे स्टीलची स्थापना १९०५ ची.

प्रवास : ऑक्टोबर–नोव्हेंबर व मार्च–एप्रिल हे महिने सोयीचे, जून-जुलैत पाऊस असतो. ओसाकाहून सान्नोमिया जलद गाडीने सु. २२ मिनिटे, कान्साई विमानतळाहून बोटीने कोबे विमानतळ सु. ३० मिनिटे. ताजिमा जातीच्या गुरांचे ‘कोबे बीफ’ येथील प्रसिद्ध खाद्य असले तरी सान्नोमिया-कितानो भागात भारतीय उपाहारगृहेही आहेत. शाकाहारी प्रवाशांनी ध्यानात ठेवावे, की नूडल्स व सूपच्या रश्शात बहुधा माशांचा अर्क असतो. पश्चिमेस आकाशी सामुद्रधुनीवरील झुलता पूल (१९९८) असून त्याचा मधला गाळा १,९९१ मी. आहे, बांधकाम चालू असताना भूकंपाने मनोरे सरकल्याने तो सु. १ मी.ने वाढला. हिमेजीचा किल्ला सान्नोमियाहून सु. ४० मिनिटांवर आहे. कोबे व हिमेजी एकाच दिवशी उरकण्याचा बेत पुष्कळ जण करतात. त्यात कोबेच्या वाट्याला फक्त संध्याकाळ येते.