चिंध्यांपासून प्रमाणपत्रापर्यंत : पुनर्चक्रित वस्त्रमालाच्या प्रमाणनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
जुन्या वस्त्रापासून नवे वस्त्र तयार करणे ही मानवी व्यवहारातील जुनी प्रथा होय. महाराष्ट्रात घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जात आणि त्यासाठी कोणाचाही दाखला लागत नसे. एकविसाव्या शतकात मात्र जागतिक ब्रँडना माल पुरविणाऱ्या गिरणीला आपला धागा पुनर्चक्रित असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे लागते. हा बदल कसा घडला आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :
१) पुनर्चक्रित वस्त्रमालाविषयीच्या नियमांच्या हेतूत झालेला बदल शोधणे.
२) प्रमाणन व्यवस्थेतील संकलक व निवडणी कामगारांचे स्थान तपासणे.
या अभ्यासासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

‘शॉडी’चा उदय व बदनामी :
इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बॅटली येथे १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून कापड तयार केले. या कापडास ‘शॉडी’ असे नाव पडले. बॅटली व ड्यूसबरी ही गावे या धंद्यावर भरभराटीस आली. १८६० मध्ये सॅम्युएल जब याने या व्यापाराचा स्वतंत्र इतिहासच लिहिला. मात्र १८६१ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन यादवी युद्धात कंत्राटदारांनी सैनिकांना निकृष्ट शॉडीचे गणवेश पुरविले. तेव्हापासून ‘शॉडी’ हा शब्द इंग्रजीत हलक्या प्रतीच्या मालाचा वाचक म्हणून रूढ झाला.

या अविश्वासाची परिणती कायद्यात झाली. अमेरिकेतील ‘वूल प्रॉडक्ट्स लेबलिंग ॲक्ट, १९३९’ या कायद्याने नव्या लोकरीपासून पुनःप्रक्रिया केलेली व वापरून झालेली लोकर वेगळी दाखविणे बंधनकारक केले. जुन्या लोकरीची कबुली विक्रेत्याने द्यावी, हा या कायद्याचा हेतू होता. १९८० च्या दुरुस्तीने हे दोन्ही शब्द काढून त्यांऐवजी ‘पुनर्चक्रित लोकर’ ही एकच संज्ञा स्वीकारली. हा बदल केवळ शाब्दिक नव्हता, कारण दोषदर्शक शब्दांची जागा एका तटस्थ आणि पुढे प्रतिष्ठित ठरलेल्या शब्दाने घेतली.

कबुलीकडून दाव्याकडे :
१९९३ मध्ये पॅटागोनिया या अमेरिकन कंपनीने प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून केलेल्या धाग्याचे उबदार कपडे बाजारात आणले. जुना माल आता अभिमानाने मिरविला जाऊ लागला. पूर्वी जुना माल नवा म्हणून विकला जाण्याचे भय होते, तर आता नवा माल पुनर्चक्रित म्हणून विकला जाण्याचे भय निर्माण झाले. वितळवून काढलेला पॉलिएस्टर धागा नुसत्या डोळ्यांनी नव्या धाग्यापासून ओळखता येत नाही. त्यामुळे कागदोपत्री पुराव्याची गरज भासली.

कंट्रोल युनियन या संस्थेने २००८ मध्ये ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’ हे मानक तयार केले. २०११ मध्ये ते टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेकडे आले. त्याच्या २०१७ च्या चौथ्या आवृत्तीनुसार प्रमाणनासाठी मालात किमान २० टक्के आणि ग्राहकासमोर बोधचिन्ह वापरण्यासाठी किमान ५० टक्के पुनर्चक्रित घटक असणे आवश्यक ठरले. गिरणीचे दरवर्षी परीक्षण आणि मालाच्या हस्तांतरणासाठी ‘व्यवहार प्रमाणपत्र’ अशी साखळी त्यात आखलेली होती. सामाजिक, पर्यावरणीय व रासायनिक अटीही होत्या. २०२१ मध्ये टेक्स्टाइल एक्स्चेंजने पॉलिएस्टरमधील पुनर्चक्रित वाटा १४ टक्क्यांवरून २०२५ पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे आवाहन ब्रँडना केले. अशा उद्दिष्टांमुळे प्रमाणपत्र ही पुरवठादाराच्या दृष्टीने बाजारप्रवेशाची अटच बनली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने तर प्रमाणन योजनेचा अथवा शासकीय संस्थेचा आधार नसलेल्या शाश्वतताविषयक लेबलांना मनाई केली असून, ती २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरविले.

पानिपत आणि साखळीचा आरंभ :
हरियाणातील पानिपत हे शॉडी उद्योगाचे भारतातील प्रमुख केंद्र होय. पाश्चात्त्य देशांतील टाकाऊ लोकरी कपडे येथे येतात. ते वस्त्र म्हणून विकले जाऊ नयेत, यासाठी आयातीपूर्वीच फाडण्याची अट आहे. त्यातील गुंड्या, चेन व लेबले काढणे आणि कापडाची रंगानुसार निवड करणे ही कामे बव्हंशी स्त्रिया करतात. रंगवार निवड झाल्यामुळे सूत पुन्हा रंगविण्याची गरज उरत नाही. म्हणजे पाण्याची व रसायनांची जी बचत ब्रँड मिरवितात, तिचे मूळ या स्त्रियांच्या नजरेत आहे.

उपरोक्त मानकाच्या चौथ्या आवृत्तीत मात्र पूर्ण प्रमाणन पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्यापासून सुरू होते. त्याआधीच्या संकलन व एकत्रीकरणाच्या टप्प्यांसाठी स्वयंघोषणा, कागदपत्रे व प्रत्यक्ष भेटी एवढीच तरतूद होती. लाखो हातांतून येणाऱ्या मालाचे तपशीलवार परीक्षण व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागेल. तथापि, जेथे श्रम सर्वाधिक असुरक्षित आहेत, तेथेच तपासणी सर्वांत सैल राहिली, हेही नाकारता येत नाही.

या संदर्भात पुण्याचा अनुभव उद्बोधक आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांसाठी महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळविली. तेथे मालाआधी माणसाची नोंद झाली.

निष्कर्ष :
१) पुनर्चक्रित मालाविषयीच्या नियमनाचा प्रवास दोषाच्या कबुलीकडून गुणाच्या पुराव्याकडे झाला. ग्राहकाचा अविश्वास हा दोन्ही टप्प्यांतील समान धागा आहे.
२) पुराव्याचे दायित्व मुख्यतः पुरवठादारावर आले.
३) प्रमाणपत्र मालाचा माग ठेवते, पण साखळीच्या आरंभी तो माल निवडणाऱ्या श्रमिकाची तितकीच काटेकोर नोंद घेत नाही. ही उणीव दूर झाल्याशिवाय ‘पुनर्चक्रित’ या शब्दाला लाभलेली प्रतिष्ठा अपुरीच राहील.