लग्न झाले, नोकरी संपली

माझी थोरली मावशी १९६० च्या सुमारास मुंबई उपनगरातल्या एका औषध कारखान्यात बाटल्यांना लेबले लावायची. लग्न ठरल्यावर तिने वर्षभर थांबायला लावले होते. पैशांची जुळवाजुळव होत नव्हती, असे घरात सांगत. मी ते खरे मानले होते. पन्नाशीत एक जुना निवाडा वाचला आणि मावशीला विचारले. ती म्हणाली, “अरे, लग्न झालं की नोकरी गेली, असा नियमच होता. धाकट्याची फी कोण भरणार होतं?”

तो निवाडा सर्वोच्च न्यायालयाचा, १९६५ चा : बॉम्बे लेबर युनियन विरुद्ध इंटरनॅशनल फ्रँचायझेस. ही दुसरी औषध कंपनी. नियम मात्र तोच. स्त्री कामगाराने लग्न केले की तिची सेवा आपोआप समाप्त.

दाद कोणत्या वाटेने मागितली गेली, हे पाहण्यासारखे आहे. संविधानातील समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती. खासगी मालकाविरुद्ध ती कामी येत नव्हती. वाट होती ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची. सेवाशर्तींचा वाद युनियनने उभा करायचा, तो न्यायाधिकरणापुढे चालायचा. न्यायाधिकरणाने मागणी फेटाळली. युनियन दिल्लीपर्यंत गेली.

कंपनीचे म्हणणे असे : हे काम गटाने चालते, हजेरी नियमित लागते आणि विवाहित बायकांच्या गैरहजेऱ्या जास्त. न्यायालयाने हिशेब मांडला. गैरहजेरी मुलांमुळे होत असेल, तर मुले असलेल्या विधवेचीही होईल; तिला तर मज्जाव नव्हता. मग विवाहितेवरच कुऱ्हाड का? उरला प्रश्न बाळंतपणाच्या रजेचा. त्यासाठी थोड्या बदली कामगार ठेवता येतात. नियम रद्द झाला.

खरी गोम या रजेतच असावी, असे मला वाटते. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ चा. त्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात पाठिंबा दिला होता. कायद्याने बाळंतिणीला पैसे देणे मालकावर बंधनकारक केले. बाळंतीण होण्याआधीच बाई कामावरून गेली, तर तो खर्चच उरत नाही.

हा निवाडा म्हणजे लढाईचा शेवट नव्हता. परराष्ट्र सेवेतील सी. बी. मुथम्मा यांना लग्नाच्या परवानगीच्या नियमाविरुद्ध आणि नाकारलेल्या बढतीविरुद्ध त्याच न्यायालयात जावे लागले. तो निकाल १९७९ चा. १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला आला. गरोदरपणामुळे नोकरीवरून काढण्याची अट न्यायालयाने मोडीत काढली. पहिल्या चार वर्षांत लग्न करायचे नाही, ही अट मात्र कायम ठेवली. कारखान्यातल्या बाईला सोळा वर्षांपूर्वी जे मिळाले, ते विमानातल्या बाईला पुरते मिळाले नाही.

मुथम्मांचे नाव निकालावर आहे. १९६५ च्या निकालावर नाव आहे ते युनियनचे. बाटल्या भरणाऱ्या, लेबले लावणाऱ्या त्या बायकांपैकी कुणी आधी तोंड उघडले, ते त्यावरून कळत नाही.

मावशीचे लग्न १९६२ साली झाले. त्याच महिन्यात तिचा हिशेब चुकता झाला. निवाड्याबद्दल तिने माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकले. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, “मग त्यांना परत घेतलं का रे?”