लगाई, खाई आणि कॅम्प नंबर दोन

रात्रीचे नऊ वाजायला दहा मिनिटं आहेत. साल 1973. तुम्ही उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, नेहरू चौकाच्या अलीकडे एका पानटपरीला टेकून उभे आहात. वारा शहाडकडून येतोय आणि त्याच्याबरोबर सेंच्युरी रेयॉनचा गंधकासारखा दर्प. गल्लीत अजून लष्करी बराकींच्या लांबलचक भिंती दिसतात. दुसऱ्या महायुद्धात इथे सैनिकांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं त्याच बराकींत गोणपाटाचे पडदे लावून राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली तेव्हा छावणीचं उल्हासनगर झालं. आता बराकींच्या दर्शनी बाजूला दुकानं निघाली आहेत. शटर ओढता ओढता मालक सिंधीत काहीतरी बजावतोय, आणि गडी मराठीत ‘हो सेठ’ म्हणतोय.

टपरीमागे स्टुलावर एक माणूस चिठ्ठ्या लिहितोय. पेन दाबून चालवतोय, कारण खाली कार्बन आहे.

‘दादा, ओपनला चौका, दोन रुपये. आणि चौका-सत्ता जोडी, आठ आणे.’ बोलणारा कामगार पाळी संपवून थेट इथे आलाय, जेवणाचा डबा अजून हातातच आहे. चिठ्ठी घडी करून तो ती विडीच्या बंडलात खोचतो.

या क्षणी मुंबईत मटक्यासाठी पत्त्यांच्या जोडातून तीन पानं काढली जात आहेत. तिन्हींची बेरीज करायची, तिचा शेवटचा आकडा म्हणजे ओपन. मध्यरात्री पुन्हा तीन पानं, तो क्लोज. दोन्ही आकडे मिळून जोडी. पूर्वी हा आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून यायचा. तिथले उघडताना आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईत पोचायचे आणि धनजी स्ट्रीटवर त्यांवर पैसे लागायचे. 1961 मध्ये ते बंद झालं. पुढच्याच वर्षी कल्याणजी भगत यांनी वरळीचा मटका सुरू केला. तुम्ही ज्याला ‘कल्याण’ म्हणून ओळखता ते नाव त्यांचं, शेजारच्या जंक्शनचं नव्हे. 1964 पासून रतन खत्री यांचा वेगळा मटका. खत्रीही कराचीहून फाळणीतच आलेले, या गल्लीतल्या कुटुंबांसारखेच.

फोन खणखणतो. टपरीवाला ऐकतो आणि दुकानाबाहेर तोंड काढून सांगतो, ‘दोन, पाच, नऊ. छक्का!’

कामगार काही बोलत नाही. चिठ्ठी गटारात जाते. त्याच्या दोन रुपयांचं काय झालं, ते मात्र थांबून बघा. एकेरी आकड्याला भाव एकाला नऊ. आकडे दहा. दहा जणांनी दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एकेक रुपया लावला तर गल्ल्यात दहा रुपये येतात, जिंकणाऱ्याला नऊ जातात, एक उरतो. जोडीला साधारण एकाला नव्वद आणि जोड्या शंभर, म्हणजे तिथेही तोच दहावा हिस्सा. त्यातून चिठ्ठी लिहिणाऱ्याचं कमिशन आणि हप्ते जातात, बाकी वर. छक्का निघो की चौका, वर बसलेल्याला त्याचं सुखदुःख नाही. कामगार मात्र गेला महिनाभर वहीत जुने आकडे मांडून चौका ‘काढत’ होता. पानांना कालचं काही आठवत नाही, हे त्याला सांगणारं या गल्लीत कुणी नाही.

एक गोष्ट मला इथेच सांगायची आहे. उल्हासनगर म्हटलं की लोक चटकन बुकींचं नाव काढतात, आणि मला त्याचा राग येतो. हे गाव उभं राहिलं ते लोकलमध्ये बिस्किटं-गोळ्या विकणाऱ्या पोरांच्या, पापड लाटणाऱ्या बायांच्या आणि कापड-फर्निचरच्या गाळ्यांच्या जिवावर. सट्ट्याची लाइन चालवणारे मूठभर, तिच्यात बुडालेले मात्र अनेक. आणि बुडालेल्यांत सिंधी, मराठी, उत्तर भारतीय असा भेद कधी नव्हता.

आता पंचवीस वर्षं पुढे या.

12 जुलै 1998, रविवार, रात्रीचे अकरा. गल्ली तीच, बराकीच्या जागी चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावरची खोली. खिडक्या बंद, पंखा पूर्ण वेगात, तरी घाम. टीव्ही, तीन टेलिफोन, जाड वही आणि सोफ्याच्या हातावर एक लहान स्पीकर. यालाच ‘डब्बा’ म्हणतात. त्यातून एक सपाट आवाज अखंड भाव पुकारतोय. एरवी इथे क्रिकेट चालतं. आज फुटबॉलच्या विश्वचषकाची फायनल आहे, ब्राझील विरुद्ध फ्रान्स, आपल्याकडे साडेबाराला सुरू.

तुमच्याकडे एक भांडवल आहे जे या खोलीत कुणाकडेच नाही. निकाल तुम्हाला ठाऊक आहे. फ्रान्स, तीन-शून्य.

डब्यातून येतं, ‘ब्राझील ऐंशी-चौऱ्याऐंशी.’ हे आकडे समजुतीसाठी मी धरले आहेत, रीत मात्र खरी. भाव नेहमी ‘फेव्हरिट’चा निघतो आणि दोन आकड्यांत निघतो. पहिला लगाईचा: ब्राझीलवर रुपया लावा, जिंकला तर ऐंशी पैसे मिळतील. दुसरा खाईचा: ब्राझील हरणार म्हणत असाल तर ब्राझील ‘खा’. हरला तर रुपया तुमचा, जिंकला तर चौऱ्याऐंशी पैसे तुमचे जातील. लीगच्या सामन्यात बरोबरीचा तिसरा भावही लागतो, पण आज कप कुणीतरी उचलणारच.

‘बोला साईं,’ वहीवाला तुमच्याकडे न बघता म्हणतो.

‘ब्राझील खाल्ला. दहा हजार.’

तो लिहितो. सही नाही, पावती नाही. शेजारी बसलेले शिलाई मास्तर तुमच्याकडे वळतात. जीन्सच्या कारखान्यात त्यांची दहा मशिनं आहेत. ‘रोनाल्डोच्या विरोधात? वेडे की काय तुम्ही!’ आणि ते ब्राझील लावतात, दहा हजारच.

पेन टेकायच्या आधीच वहीवाल्याचं काम झालंय. ब्राझील जिंकला तर तो मास्तरांना आठ हजार देईल आणि तुमच्याकडून आठ हजार चारशे घेईल, चारशे सुटले. ब्राझील हरला तर मास्तरांचे दहा हजार उचलून तुम्हाला देईल. त्याचं काही जात नाही. सगळेच ब्राझील लावायला लागले आणि वही एका बाजूला कलली, तर तो जास्तीचा भार मुंबईच्या मोठ्या बुकीकडे उतरवतो. मोठा बुकी त्याच्याही वर.

सव्वाअकराच्या सुमारास डब्बा क्षणभर गप्प होतो. मग, ‘भाव बंद. भाव बंद.’

संघाची यादी आली आहे आणि तिच्यात रोनाल्डो नाही, त्याच्या जागी एडमुंडो. खोलीत एकदम गलका. तीनही फोन वाजतात. मास्तर उठून उभे राहतात. काही मिनिटांनी भाव उघडतो तो चढूनच, ब्राझील पंच्याण्णव-रुपया, म्हणजे ब्राझीलवरचा भरवसा उतरला. थोड्या वेळात दुसरी यादी येते. रोनाल्डो आत. त्याला दुपारी हॉटेलात झटका आला होता, हे जगाला नंतर कळेल. भाव पुन्हा खाली. सामना सुरूही झालेला नाही, आणि एका नावाच्या जाण्या-येण्यावर कॅम्प दोनमधल्या माणसांच्या महिन्याच्या कमाया इकडच्या तिकडे झाल्या.

हा भाव ठरवतो कोण? वहीवाला नाही, तो भाव घेतो, बनवत नाही. उगमापाशी जायचं तर थोडी इंग्लंडवारी करावी लागेल. आदल्याच वर्षी, 1997 मध्ये, मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. प्रत्येक संघाच्या हल्ल्याला एक आकडा, बचावाला एक, घरच्या मैदानाचा वेगळा. त्यांवरून गोलांची सरासरी आणि सरासरीवरून प्रत्येक स्कोअरची शक्यता. संघाची सरासरी दीड गोल असेल तर तो एकही गोल न करण्याची शक्यता सुमारे 22 टक्के निघते. ही रीत फार अचूक नाही, पण ‘यंदा ब्राझीलच’ या वाक्यापेक्षा कितीतरी बरी. पुढे याच वाटेने व्यावसायिक पंटर, म्हणजे पैज लावणारे, तयार झाले. मॅथ्यू बेनम भौतिकशास्त्र शिकलेले, त्यांनी आकडेमोडीची कंपनी काढली आणि ब्रेंटफर्ड क्लब घेतला. तो 2021 मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला. टोनी ब्लूम ब्रायटन क्लबचे मालक, तेही पैज लावण्याच्याच धंद्यातून आलेले. कोण जिंकणार हे या माणसांना कळत नाही. भाव कुठे दोन पैशांनी चुकलाय तेवढं त्यांना कळतं, आणि त्या दोन पैशांसाठी ते शेकडो सामने खेळतात. तरीही बरेच बुकी अशा गिऱ्हाइकाची मर्यादा कापतात. जिंकणारं गिऱ्हाईक दुकानाला नको असतं.

खोलीत परत या. सत्ताविसाव्या मिनिटाला कॉर्नर, झिदानचं डोकं, गोल. मध्यंतराच्या तोंडाशी पुन्हा कॉर्नर, पुन्हा झिदान. शेवटच्या मिनिटांत पेटिट. रात्रीचे अडीच होत आले आहेत. वहीवाला तुमच्या नावापुढे दहा हजार मांडतो आणि जांभई देतो.

भविष्य माहीत असलेला माणूस त्याच्या खोलीत बसून गेला आणि त्याला एका पैशाचं नुकसान झालं नाही. तुमचे दहा हजार मास्तरांचे आहेत. मास्तर भिंतीला हात लावत जिना उतरतात. हिशेब सोमवारी, आणि सोमवार उजाडायला चार तास आहेत.

18 डिसेंबर 2022. हाही रविवार, हीही फायनल. आता खोलीची गरज उरलेली नाही. नेहरू चौकाजवळ चहाच्या गाडीभोवती पाच-सहा पोरं मोबाईलवर वाकली आहेत. ओळखीच्या एजंटाने व्हॉट्सॲपवर ‘आयडी’ दिलाय, त्यात पॉइंट भरलेत, उधारीने. गजानन मार्केटमध्ये कापडाच्या दुकानात काम करणारा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा तुम्हाला स्क्रीन दाखवतो. नव्वद मिनिटांच्या निकालाचे भाव, अर्जेंटिना, बरोबरी, फ्रान्स: 2.7, 3.1, 2.9. ‘कुठलंही घ्या काका, अडीचपटीच्या वर आहे.’

बेरीज करून बघा. एक भागिले 2.7, एक भागिले 3.1, एक भागिले 2.9. शंभरात सुमारे 37, 32 आणि 34.5. मिळून जवळजवळ 104. खऱ्या शक्यता शंभरावर जाऊ शकत नाहीत. वरचे चार दुकानाचे. मटक्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा हे कमी, असं त्याला वाटेल. पण मटका दिवसातून दोनदा निघायचा. इथे नव्वद मिनिटं दर क्षणाला नवा भाव निघतो, पुढचा कॉर्नर कुणाचा, पुढचं पिवळं कार्ड कुणाला, आणि प्रत्येकातून ते चार पुन्हा कापले जातात. 1973 चा कामगार रात्री अडीच रुपये हरून घरी जायचा. हा मुलगा तेवढ्याच वेळात तीस-चाळीस वेळा लावून बसतो. मला सगळ्यात जास्त भीती या वेगाची वाटते.

ऐंशी मिनिटं होत आली आहेत. अर्जेंटिना दोन-शून्य पुढे. मुलाने उरलेले सगळे पॉइंट अर्जेंटिनावर टाकलेत, नव्वद मिनिटांच्या निकालावर. अचानक त्याच्या स्क्रीनवर सगळे भाव करडे होतात. सस्पेंड. चहाच्या गाडीवरच्या टीव्हीवर अजून काहीच घडलेलं नाही, चेंडू मैदानाच्या मध्यात आहे. काही सेकंदांनी टीव्हीवर ओटामेंडी कोलो मुआनीला पाडतो. पेनल्टी. भाव देणाऱ्याला ती या पोरांच्या आधी कळलेली असते, म्हणूनच भाव आधी गोठतात. एम्बाप्पे मारतो. आणि 97 सेकंदांनी दुसरा, हवेतल्या हवेत. दोन-दोन. जादा वेळेत तीन-तीन होतील आणि अर्जेंटिना पेनल्टींवर कप उचलेल, पण नव्वद मिनिटांची पैज बरोबरीवर बंद झाली. मुलाचा संघ जिंकला आणि पैसे गेले.

‘किती?’ तुम्ही विचारता.

‘अडतीस हजार. उद्या माणूस दुकानात येणार आहे.’

त्याला बाकावर बसवा आणि नीट सांगा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 30 म्हणतं की पैजेचा करार रद्दबातल असतो, त्यावरून वसुलीचा दावा लावता येत नाही. कोर्टाच्या दृष्टीने हे अडतीस हजार देणं नाहीच. म्हणूनच वसुलीला नोटीस येत नाही, माणूस येतो. आणि धमकी देऊन पैसे उकळणं हा वेगळा, गंभीर गुन्हा आहे. तुम्ही पुढून आलेले आहात, त्यामुळे हेही सांगू शकता की ऑगस्ट 2025 मध्ये संसद पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा करेल आणि त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला असेल, खेळणाऱ्याला नाही. आयडी आत्ता, इथे, तुमच्यासमोर काढून टाकायचा. नंबर ब्लॉक करण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. माणूस आलाच तर त्याच्याशी एकट्याने बोलायचं नाही, सेठना आधी सांगायचं.

मुलगा मान हलवतो. स्क्रीनशॉट काढू लागतो. मग थांबतो.

‘आणि पप्पांना?’

‘त्यांना आज रात्रीच.’