पाच मिलिसेकंदांचा शेजारधर्म

दसरा झाला की दिंद्रुड आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे जातं, कुणी थेट कर्नाटकात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. दिवसभर फडात राबून कोपीवर परतलेली आई रात्री आठच्या सुमारास लेकराला व्हिडिओ कॉल लावते आणि नेमकं तेव्हाच सगळं गाव नेटवर असतं. म्हणून दसऱ्यानंतर मी आणि शेजारच्या भागात नेट पुरवणारे एक आप्पा फोन चालू ठेवून, एकाच वेळी आपापल्या टॉवरवरचं एक प्रमाण बदलतो. 75:25 चं 50:50 करतो. पाडव्याच्या सुमारास टोळ्या माघारी आल्या की पुन्हा 75:25.

दिंद्रुड माजलगाव तालुक्यात, तेलगाव आणि सिरसाळ्याच्या मधे परळीच्या रस्त्यावर आहे. इथे टॉवरवरून बिनतारी इंटरनेट देणं हा माझा धंदा. परवाना कंपनीचा, टॉवर आणि घरोघरच्या जोडण्या माझ्याकडे. आमचा हा दसरा-पाडव्याचा रिवाज नवा आहे, पण त्यामागचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. एकाच हवेत अनेकांना बोलायचं असेल, तर कुणी कधी बोलायचं आणि कुणी कधी गप्प बसायचं?

या प्रश्नाची सगळ्यात मोठी किंमत समुद्रावर मोजली गेली. 14 एप्रिल 1912 च्या रात्री अटलांटिकमध्ये ‘कॅलिफोर्नियन’ नावाचं जहाज बर्फापुढे थांबून उभं होतं. त्यावरच्या बिनतारी ऑपरेटरने, सिरिल इव्हान्सने, जवळच असलेल्या ‘टायटॅनिक’ला बर्फाची खबर दिली. टायटॅनिकचा जॅक फिलिप्स तेव्हा लांबच्या केप रेस केंद्राशी प्रवाशांच्या संदेशांचं काम करत होता. जवळच्या जहाजाचा सिग्नल त्याच्या कानावर आदळला आणि केप रेसचा बारीक आवाज त्याखाली दबला. त्याने इव्हान्सला गप्प राहायला सांगितलं. इव्हान्सने थोड्या वेळाने यंत्र बंद केलं आणि तो झोपी गेला. 11 वाजून 40 मिनिटांनी टायटॅनिक हिमनगाला धडकलं, तेव्हा मदतीला धावू शकलं असतं अशा जहाजाचा कानच बंद होता.

या घटनेत माझ्या धंद्याचे दोन्ही धडे आहेत. शेजारी जवळ असला की त्याच्या आवाजाने लांबचा माणूस ऐकू येईनासा होतो. आणि गप्प बसण्याची वेळ ठरलेली नसेल, तर ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याची हाकही वाया जाते. पुढच्या आंतरराष्ट्रीय करारांनी ही वेळ ठरवून टाकली. 500 किलोहर्ट्‌झ या संकटाच्या लहरीवर दर तासाला 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत सगळ्यांनी बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं. जहाजांच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळावर त्या तीन-तीन मिनिटांच्या फाका तांबड्या रंगवलेल्या असत. मुंबईचं किनारा केंद्रही याच शिस्तीत होतं. फेब्रुवारी 1999 मध्ये जहाजांची नवी उपग्रह-आधारित संकटव्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सच्या त्या घड्याळाचं काम संपलं. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं निव्वळ घड्याळ बघून एकत्र गप्प बसत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

गप्प बसण्याचा हिशेब आकड्यांत मांडला गेला तो हवाईमध्ये. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन यांनी 1971 मध्ये ‘अलोहा’ नावाचं बिनतारी संगणक जाळं सुरू केलं. वेगवेगळ्या बेटांवरची यंत्रं एकाच लहरीवरून होनोलुलूच्या मुख्य संगणकाला माहिती धाडत. नियम साधा होता. वाटेल तेव्हा पाठवायचं. दुसऱ्याच्या संदेशाशी टक्कर होऊन पोच आली नाही, तर थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. गणित केल्यावर दिसलं, की या पद्धतीत लहरीचा जास्तीत जास्त 18 टक्के वेळ कामी येतो. 1972 मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी सुचवलं, की वेळेचे सारखे तुकडे पाडा आणि प्रत्येकाने तुकड्याच्या आरंभीच बोलायला सुरुवात करावी. तेवढ्याने मर्यादा 37 टक्क्यांवर गेली. नवी लहर नाही, मोठा अँटेना नाही, जास्त वीज नाही. सगळ्यांनी एक घड्याळ मानलं आणि तीच हवा दुप्पट कामाची झाली.

आपल्याकडे हवा सामान्य माणसाच्या हाती आली ती उशिरा. 1933 च्या बिनतारी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगण्यालाही बंदी होती. जानेवारी 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, म्हणून आज घराघरात वायफाय आहे. 2007 मध्ये 5825 ते 5875 मेगाहर्ट्‌झ हा 50 मेगाहर्ट्‌झचा पट्टा उघड्यावर वापरायला मोकळा झाला. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्‌झच्या आसपास एकूण 605 मेगाहर्ट्‌झ मिळाले. ही सगळी मोकळीक एका अटीवर आहे. तुम्ही दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्याने त्रास दिला तर संरक्षण मागायचं नाही. अमक्याचा टॉवर माझ्या आड येतो म्हणून या पट्ट्यात दाद मागता येत नाही.

मी धंद्यात आलो तो 2018 च्या आधी. तेव्हा हाती होते 50 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे 20-20 चे दोन चॅनेल. टॉवरला चार दिशांना चार सेक्टर, म्हणजे एकेका दिशेकडे तोंड केलेले अँटेना, लागतात. मग एकच मार्ग उरतो. पूर्व-पश्चिमेला एक चॅनेल, दक्षिण-उत्तरेला दुसरा. पाठीला पाठ लावलेले दोन सेक्टर एकाच चॅनेलवर, मधे जेमतेम हातभर लोखंड. सेक्टर ज्या ताकदीने बोलतो, त्याच्या साधारण 100 कोटीव्या हिश्श्याएवढा बारीक सिग्नल त्याला ग्राहकाच्या पत्र्यावरच्या डिशकडून ऐकायचा असतो. पूर्वेकडचा ऐकत असताना पश्चिमेकडचा बोलला की पूर्वेच्या वस्तीचं नेट बसलंच. सिग्नल पूर्ण दिसतो, दिवे लागलेले असतात आणि पिंग जात नाही. लोक फोन करून सांगत, “भाऊ, नेट हाय पर चालंना गेलंय.” त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

घरातलं वायफाय ही टक्कर ऐकून टाळतं. बोलण्याआधी कानोसा घ्यायचा, हवा मोकळी असेल तर मनाशी एक आकडा धरून तेवढे सूक्ष्म क्षण थांबायचं, मग पाठवायचं. 1997 च्या पहिल्या वायफाय मानकापासून ही रीत आहे आणि चार भिंतींत ती चांगली चालते. शेतावर ती फसते. नित्रुडच्या बाजूच्या आणि सिरसाळ्याच्या बाजूच्या डिशांची तोंडं टॉवरकडे असतात. त्यांना एकमेकींचा आवाज ऐकूच येत नाही, दोघींना हवा मोकळी वाटते आणि दोघी एकदम बोलतात.

यावर आपल्या देशात पायाचं काम झालेलं आहे. आयआयटी कानपूरच्या ‘डिजिटल गंगेटिक प्लेन्स’ प्रकल्पात गावोगावी उंच टॉवर उभारून साध्या वायफाय यंत्रांनी लांब पल्ल्याचे दुवे जोडले होते. तिथे भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी 2005 मध्ये ‘टूपी’ ही पद्धत मांडली. एका टॉवरवरचे सगळे दुवे एकतर एकदम बोलतील किंवा एकदम ऐकतील. एक बोलतोय आणि त्याच्या खांद्याला खांदा लावलेला ऐकतोय, असं होऊच द्यायचं नाही. दोघेही पुढे आयआयटी मुंबईत आले. त्याआधीच मोटोरोलाच्या ‘कॅनॉपी’ यंत्रांनी सगळ्या टॉवरांचं बोलणं जीपीएसच्या ठोक्याला बांधलं होतं. 2011 मध्ये त्या धंद्यातून केंबियम ही वेगळी कंपनी झाली. आमच्यासारख्या लहान माणसाला परवडेल अशा यंत्रांत जीपीएस आलं ते त्यानंतर.

आता टॉवरच्या माथ्याला वाटीएवढा पांढरा डबा आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. त्यांच्याकडून हा डबा दर सेकंदाला एक ठोका घेतो. सेकंदाचे 200 भाग पडतात, प्रत्येक 5 मिलिसेकंदांचा. 75:25 म्हणजे त्यातले पावणेचार मिलिसेकंद चारही सेक्टर गावाकडे बोलतात आणि सव्वा मिलिसेकंद चौघेही ऐकतात. मधे थोडी मोकळी जागा सोडावी लागते, कारण लहरीलाही चालायला वेळ लागतो. 12 किलोमीटर जाऊन परत यायला 80 मायक्रोसेकंद. हे बसवलं त्या संध्याकाळी चारही बाजूंचं नेट एकदम सुरळीत चाललं.

ते सुख टिकलं आप्पांचा टॉवर उभा राहीपर्यंत. काळ्या मातीच्या सपाट मुलखात टॉवर टॉवरला मैलोन्‌मैल दिसतो. त्यांच्याकडेही जीपीएस होतं, पण प्रमाण वेगळं होतं. माझा टॉवर ऐकायला बसे तेव्हा त्यांचा अजून बोलत असे. कायद्याने दोघेही बरोबर, आणि दोघांचेही ग्राहक हैराण. मी त्यांच्याकडे गेलो आणि कागदावर 5 मिलिसेकंदांची पट्टी काढून दाखवली. आप्पांनी ती नीट पाहिली आणि म्हणाले, “म्हंजे सामाईक विहीर हाय म्हणा की. दोन मोटारी एकदम लावल्या तर दोघांच्याबी पाटात गाळच. पाळी लावू, पर घड्याळ कुणाचं?” मी म्हणालो, “ना तुमचं, ना माझं. वरचं.” तिथून बोलणं सोपं झालं.

भांडण झालं ते प्रमाणावर. त्यांचे ग्राहक सिनेमे आणि क्रिकेट बघणारे, त्यांना गावाकडे येणारी माहिती जास्त हवी होती. माझ्याकडे ऊसतोडीची घरं जास्त. व्हिडिओ कॉलमध्ये लेकराचा चेहरा आईपर्यंत पोचवायचा तर घरातून बाहेर जाणारी वाटही रुंद लागते. शेवटी पावतीपुस्तकाच्या पाठीमागच्या कोऱ्या पानावर चार कलमं लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या. तुकडा 5 मिलिसेकंदांचा. प्रमाण एरवी 75:25, दसरा ते पाडवा 50:50. पल्ला 12 किलोमीटर. आणि चौथं, ज्याच्या टॉवरचा ठोका चुकेल त्याने तो दुरुस्त होईपर्यंत आपले सेक्टर बंद ठेवायचे.

पहिली तीन कलमं यंत्रात भरता येतात. चौथं माणसाने पाळायचं असतं. एका मृगात वीज पडून माझा जीपीएसचा डबा जळाला. ठोका गेला तरी सेक्टर आपल्या मनाने बोलत राहू शकतो, आणि माझं नेट कसंबसं चाललंही असतं. पण तेव्हा आप्पांचा टॉवर बहिरा झाला असता. मी सेक्टर बंद केले आणि नवीन डबा आणायला माणूस पाठवला. एका पोराच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. त्याला दुकानात बसवून मोबाइलच्या नेटवर फॉर्म भरून दिला. ग्राहकांची बोलणी ऐकावी लागली आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. आप्पांचं एकही घर बंद पडलं नाही. पुढे त्यांच्याकडे तशी वेळ आली, तेव्हा त्यांनीही हेच केलं.

मोठ्या कंपन्यांनाही यातून सुटका नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये देशात 5जी सुरू झालं. त्याच्या 3300 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जाणं-येणं एकाच लहरीवर होतं. शेजारच्या टॉवरांच्या घड्याळांत 3 मायक्रोसेकंदांहून जास्त फरक त्याला चालत नाही. घरच्या वायफायमध्येही आता हेच येऊ घातलं आहे. वायफाय 8 च्या मसुद्यात शेजारच्या राउटरांनी वेळ वाटून घेण्याची तरतूद आहे. हवा मिळालेला राउटर आपल्या वाट्यातला काही वेळ शेजारच्या राउटरला देऊ शकेल. हे मानक 2028 च्या सुमारास पूर्ण होणं अपेक्षित आहे. दाटीच्या वस्तीत, जिथे 2.4 च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल आहेत, तिथे याचा मोठा उपयोग होईल.

पण त्या मसुद्याने आमच्या चौथ्या कलमाची गरज संपत नाही. परवानामुक्त पट्टा ही सरकारने गरीब मुलखाला दिलेली फार मोठी देणगी आहे, आणि ती टिकवण्याचं काम आपल्यावर सोडलेलं आहे. जास्त ताकदीचं यंत्र लावून शेजाऱ्याला दाबता येतं, पण मग तोही ताकद वाढवतो आणि दोघांची गावं अंधारात जातात. म्हणून आमच्या तालुक्यात नवा टॉवर उभा करणाऱ्या प्रत्येकाला मी त्या पानाची प्रत स्वतः नेऊन देतो. तो माझा ग्राहक तोडणार हे मला ठाऊक असतं. तरी प्रत देतो, कारण त्याचा टॉवर आमच्या ठोक्यावर असेल तर ग्राहक त्याचे असोत की माझे, ऊसतोडीला गेलेल्या आईचा कॉल तुटणार नाही.