पन्हाळा आणि अण्णाजी दत्तो
इ. स. १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या ६० मावळ्यांनिशी आदिलशाहीकडून पन्हाळा घेतला. त्या मोहिमेची सूत्रे अण्णाजी दत्तो यांच्याकडे होती. १६७४ च्या राज्याभिषेकसमयी ते सचिव झाले. १६८० मध्ये शिवछत्रपती निवर्तल्यावर मात्र बालवयीन राजारामाच्या नावे सत्ता राखण्यासाठी ते पन्हाळ्यावरील संभाजीराजांस कैद करावयास निघाले. राजारामाचे मामा हंबीरराव मोहिते यांनीच त्यांस धरले, आणि अण्णाजी त्याच गडावर बंदिवान होऊन आले. क्षमा व अधिकारपद मिळूनही १६८१ च्या कटाबद्दल त्यांस देहदंड झाला. कर्तृत्वास स्वामीचे नियमन होते तोवर ते राज्यास उपकारक ठरले. ते सुटताच तेच कर्तृत्व त्यांच्या नाशास कारण झाले.