डोंगर आधी, सॉफ्टवेअर नंतर

वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाचं आजचं देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये बांधलं. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची मापं दिली आहेत: लांबी 57 फूट, रुंदी 37 फूट, शिखरासह उंची 77 फूट. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ दौलतराव शिंद्यांनी 1808 मध्ये उभारलं. म्हणजे हा परिसर एका आराखड्यातून उतरलेला नाही. आधीचं बघत, डोंगराचा उतार सांभाळत पिढ्यापिढ्यांनी तो वाढवला.

6 मे 2025 रोजी चौंडीतल्या मंत्रिमंडळ बैठकीत जोतिबासाठी 259.59 कोटींच्या आराखड्याला मंजुरी मिळाली. आता डोंगरावरची नवी कामं आधी स्क्रीनवर उभी राहणार. म्हणून ती कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आखायची, हा प्रश्न भाविकांच्याही कामाचा आहे.

संगणकावर रेषा काढून ती बदलता येते, हे आयव्हन सदरलंड यांनी 1963 मध्ये एमआयटीत 'स्केचपॅड'मधून दाखवलं. 1982 मध्ये आलेल्या ऑटोकॅडने ड्रॉइंग बोर्ड घरच्या पीसीवर आणला, पण त्यात भिंत म्हणजे नुसत्या रेषाच होत्या. 2000 मध्ये आलेल्या रेव्हिटला भिंत 'भिंत' म्हणून कळते; नकाशात ती सरकवली की छेदचित्रातही सरकते. त्याच वर्षी आलेल्या स्केचअपमुळे नवख्यालाही थ्रीडी चित्र जमू लागलं. 2002 मध्ये जमीन आणि नकाशांसाठी क्यूजीआयएसचं काम सुरू झालं. ते फुकट आहे.

2000 च्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वीची उंचसखलता मोजली. तो डेटाही फुकट मिळतो, पण त्याचा एक चौकोन साधारण 30 मीटरचा, म्हणजे 98 फुटांचा. जोतिबाचं अख्खं देऊळ एका चौकोनात मावतं! पावसाचं पाणी साधारण कोणत्या अंगाला वाहील, एवढं त्यातून समजेल. पायरी कुठे बसवायची, हे समजणार नाही. त्यासाठी टोटल स्टेशन घेऊन डोंगरावरच जावं लागतं.

म्हणून क्रम असा हवा: जागेवर मोजणी, मग क्यूजीआयएसमध्ये डोंगर, सिव्हिल थ्रीडीमध्ये रस्ते आणि निचरा, रेव्हिटमध्ये नव्या इमारती आणि शेवटी लोकांना दाखवायला स्केचअप. हा क्रम उलटला की सपाट हिरव्या पाटीवर झाडं चिकटवलेलं देखणं चित्र आधी मंजूर होतं, आणि उताराची आठवण संरक्षक भिंतीचं बिल आल्यावर होते.

चैत्र यात्रेत लाखोंच्या गर्दीतून उंच सासनकाठ्या नाचवत नेतात. कमान किती उंच हवी, वळणावर किती जागा सोडायची, विजेच्या तारा कुठून न्यायच्या, हे यातलं कोणतंही सॉफ्टवेअर आपणहून सांगत नाही. सासनकाठीचं माप कुणीतरी मॉडेलमध्ये घालावं लागतं, आणि ते माप ती पेलणाऱ्यालाच नेमकं ठाऊक असतं.

आराखड्याचं चित्र समोर आलं, तर आधी विचारा: हे कोणत्या मोजणीवर काढलंय? आणि फाइल आयएफसीसारख्या खुल्या फॉरमॅटमध्येही मागून घ्या. देवळाला तीनशे वर्षं होत आली. त्याच्या दुरुस्तीचे नकाशे एखाद्या कंपनीच्या वार्षिक वर्गणीवर अडकायला नकोत.